वापरलेली सुई: काढायची कशी, ठेवायची कशात, द्यायची कोणाला

घरी इंजेक्शन घेणारे लोक आता खूप झालेत. इन्सुलिन तर आहेच, पण आठवड्यातून एकदा घ्यायची सेमाग्लुटाइडसारखी पेनं, रक्त पातळ ठेवायची एनोक्सापॅरिनची आधीच भरून येणारी सिरिंज, संधिवाताचे ऑटोइंजेक्टर (दाबलं की सुई आपोआप टोचणारे), आयव्हीएफच्या काळात रोज घ्यायची हार्मोन्सची इंजेक्शनं, हिमोफिलियाचं (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचं) फॅक्टर, आणि हो, डायबेटिस झालेल्या कुत्र्यामांजरांचं इन्सुलिन पण. इंजेक्शन कसं घ्यायचं ते नर्स समोर बसवून शिकवते, आपल्याकडून करूनही घेते. पण नंतर ती सुई कुठं टाकायची असं विचारलं तर बऱ्याच जणांना "टोपण लावा आणि कचऱ्यात टाका" एवढंच सांगितलेलं असतं, किंवा तेवढंही नाही.

ते टोपण पिशवीत सटकतं. पिशवी कोणीतरी उचलतं, जागा व्हावी म्हणून हाताने दाबतं, पुढे कोणीतरी त्यातलं प्लास्टिक वेगळं काढतं, आणि त्या माणसाला आत सुई आहे हे माहीत असायचं काही कारणच नसतं. त्याला टोचली तर ती कोणाची, त्या माणसाला काही आजार होता का, हे कळायचा मार्गही नसतो. म्हणून मला हे सगळं नीट, एकेक पायरी सांगून लिहावंसं वाटलं. इंजेक्शन घेऊन झालं की आपलं काम संपत नाही, सुई बंद डब्यात जाऊन तो डबा योग्य हातात पोचेपर्यंत ती आपलीच जबाबदारी आहे.

धोका किती, ते आधी

सुईतून मुख्य तीन व्हायरसची भीती असते: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. ज्या माणसाच्या रक्तात व्हायरस आहे त्याला वापरलेली सुई दुसऱ्याला टोचली तर हिपॅटायटिस बी ची लस न घेतलेल्या माणसाला लागण व्हायची शक्यता साधारण ६ ते ३० टक्के धरतात, हिपॅटायटिस सी ची ०.२ ते १.८ टक्क्यांच्या आसपास आणि एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. म्हणजे लोक घाबरतात एचआयव्हीला, पण सुईच्या बाबतीत सगळ्यात सहज पसरणारा हिपॅटायटिस बी आहे. तो शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान ७ दिवस जिवंत राहतो. सिरिंजच्या आत अडकलेल्या रक्तात हिपॅटायटिस सी चा व्हायरस ६३ दिवसांपर्यंत आणि एचआयव्ही ४२ दिवसांपर्यंत टिकल्याचं प्रयोगशाळेत दिसलंय, ते तापमानावर आणि आत किती रक्त उरलंय त्यावर अवलंबून असतं. त्यामुळे "सुई जुनी आहे, वाळली असेल, काही होत नाही" यावर विसंबू नका.

आता कोणी म्हणेल मला यातला एकही आजार नाही, मग माझ्या सुईने काय होणार. तुम्हाला नसेल, खरंय, आणि खूप लोकांना असूनही माहीत नसतं हेही खरंय. पण ज्याला टोचली त्याला तुमचा रिपोर्ट कुठे माहितीये? त्याला रक्ततपासण्या कराव्या लागतात, कदाचित महिनाभर औषधं घ्यावी लागतात, आणि शेवटची टेस्ट निगेटिव्ह येईपर्यंत जीव टांगणीला लागतो तो वेगळाच.

डबा आधी, सुई नंतर

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून जरा थांबून सांगते. इंजेक्शन घ्यायच्या आधी डबा समोर उघडा हवा. हात लांब केला की पोचेल इतका जवळ. घरात सुई टोचण्याचे प्रकार जास्त करून इंजेक्शननंतरच्या त्या अर्ध्या मिनिटात होतात. सुई हातात धरून डबा शोधत स्वयंपाकघरात जाणं, "नंतर टाकते" म्हणून टेबलावर ठेवणं, फोन वाजला म्हणून चादरीवर ठेवून उठणं, मग ती चादरीच्या घडीत जाते आणि दुसऱ्या दिवशी चादर झटकणाऱ्याच्या हातात घुसते. सुई घेऊन डब्याकडे चालायचंच नाही, डबाच सुईपाशी आणायचा.

डबा कुठला? मेडिकलमध्ये किंवा सर्जिकल सामानाच्या दुकानात तयार शार्प्स बॉक्स मिळतो तो सगळ्यात बरा. जाड कडक प्लास्टिक, वरून सुई आत जाते पण हात आत जात नाही असं तोंड, भरायची रेघ मारलेली, आणि शेवटी एकदा बंद केलं की परत न उघडणारं झाकण. तसा मिळत नसेल तर घरातला जाड प्लास्टिकचा डबा चालतो, लिक्विड डिटर्जंटची किंवा फॅब्रिक कंडिशनरची मोठी बाटली यासाठी चांगली. बुडाला त्रिकोणात २ आकडा आहे का ते बघा, तो एचडीपीई म्हणजे जाड आणि चिवट प्लास्टिकचा असतो. झाकण आट्याचं आणि घट्ट बसणारं पाहिजे, बाटली टेबलावर सरळ उभी राहिली पाहिजे, लवंडता कामा नये, आणि आतलं पाणी वगैरे गळता कामा नये. बाटली धुवून वाळवून घ्या, आणि बाहेरून मोठ्या अक्षरात लिहा: "वापरलेल्या सुया, उघडू नका, रिसायकल नको". मार्करने थेट लिहिलं की पुसतं, कागदावर लिहून वरून पारदर्शक चिकटपट्टी मारली की टिकतं.

पाण्याची साधी बाटली नको, ती पातळ असते आणि जरा दाबली की सुई भिंतीतून बाहेर येते. काचेची बरणी नको, पडली की काच आणि सुया एकत्र, यापेक्षा वाईट काही नाही. कोल्ड्रिंकचा कॅन, दुधाचं खोकं, प्लास्टिकची पिशवी, बिस्किटाचा पुडा, यातलं काहीच नको.

डबा ठेवायचा कुठे यावर लोक गोंधळतात. लहान मुलांचा आणि पाळीव प्राण्यांचा हात पोचणार नाही इतका वर, पण वापरताना मात्र त्याचं तोंड तुमच्या डोळ्यांच्या खाली यायला हवं, आत काय आहे ते न दिसता अंदाजाने सुई टाकायची नाही. उंच कपाटात ठेवा आणि वापरताना खाली टेबलावर घ्या, हे सगळ्यात सोपं. बाथरूममधल्या कपाटावर उभं राहून, टाचा वर करून सुई टाकणारे लोक बघितलेत मी, कृपया तसं करू नका.

पेनची सुई काढताना

इन्सुलिन पेनवाल्यांसाठी हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण सुई काढायचा प्रश्न सगळ्यात जास्त यांनाच येतो.

पेनची सुई म्हणजे दोन टोकांची सुई. हे खूप जणांना माहीतच नसतं. पुढचं टोक, ४ किंवा ५ मिलिमीटरचं, ते त्वचेत जातं आणि ते सगळ्यांना दिसतं. पण सुई पेनवरून फिरवून काढली की मागच्या बाजूला प्लास्टिकच्या कपाच्या मधोमध अजून एक छोटं टोक असतं, ते कार्ट्रिजचं, म्हणजे पेनमधल्या औषधाच्या नळीचं, रबर भोकणारं. पुढे टोपण लावून निश्चिंत झालेला माणूस सुई उलटी चिमटीत धरतो आणि त्या मागच्या टोकाने बोटाला टोचून घेतो. एकदा वापरलेली सुई हातात घेऊन उजेडात मागून बघा, दिसेल तुम्हाला, आणि एकदा बघितलं की परत कधी तिथे बोट जाणार नाही.

आता क्रम. डोस पूर्ण दाबून झाला की बटण दाबलेलंच ठेवा आणि सावकाश १० पर्यंत मोजा, नाहीतर शेवटचे थेंब बाहेर राहतात. मग ज्या कोनात सुई आत गेली त्याच कोनात सरळ बाहेर काढा, तिरकी ओढायची नाही. चिमटीत त्वचा धरली असेल तर सुई बाहेर आल्यावर सोडा.

सुईबरोबर दोन टोपणं येतात, आतलं बारीक आणि बाहेरचं मोठं. आतलं बारीक टोपण सुई लावतानाच टाकून द्यायचं, ते परत कधीच लावायचं नाही, त्याच्यात इतकी कमी जागा असते की हात जरा हलला की सुई बोटात. मोठं टोपण मात्र जपून ठेवायचं. ते टेबलावर तोंड वर करून उभं ठेवा, किंवा आडवं ठेवून एका हाताने पेन पुढे सरकवत सुई त्यात शिरवा. दुसरा हात मागे, अगदी लांब. सुई आत गेली की पेन तसंच सरळ खाली टेबलाकडे दाबायचं, टोपण घट्ट बसेपर्यंत, आणि बसल्यावरच दुसऱ्या हाताने टोपण धरून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं. टोपणासकट सुई निघते. आता टोपणाचं उघडं तोंड म्हणजे सुईची मागची बाजू, ती खाली धरून थेट डब्यात टाका. टोपण पाठीमागून चिमटीत धरायचं, तोंडाशी बोट न्यायचं नाही.

एका हाताने टोपण उचलायची ही पद्धत दोन्ही हातांत एकेक वस्तू धरून टोपण लावण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. हॉस्पिटलमध्ये तर सुईला परत टोपण लावणंच टाळायला शिकवतात, युरोपियन युनियनच्या २०१० च्या निर्देशात हॉस्पिटलांमध्ये रिकॅपिंगला सरळ बंदीच घातलेली आहे. पेनच्या बाबतीत घरी टोपण लावावं लागतं ते फक्त सुई पेनवरून काढण्यापुरतं, आणि ते पण तुम्ही स्वतःलाच इंजेक्शन घेत असाल तेव्हाच.

सुई लगेच का काढायची, उद्या परत वापरली तर काय, हाही प्रश्न येतो. सुई पेनवर तशीच राहिली की कार्ट्रिजमधून औषध थेंब थेंब गळतं आणि हवा आत जाते, बुडबुडे होतात, आणि पुढचा डोस कमी पडतो. शुगर वर का जातेय कळत नाही आणि कारण असं फालतू निघतं. शिवाय एवढ्या बारीक सुईचं टोक एकदा वापरल्यावर बोथट होतं, वाकतं, परत परत वापरलं की दुखतं आणि त्वचेखाली गाठी होतात. त्या गाठीत इन्सुलिन दिलं की ते नीट शोषलं जात नाही. म्हणून एक सुई एकदाच.

आता वाजवी शंका, सुई पेनमध्ये घट्ट बसली आणि फिरतच नाही असं झालं तर? जोर लावून दातांनी किंवा नुसत्या बोटांनी ओढू नका. मोठं टोपण वर पक्कं बसलंय का ते आधी बघा, सैल बसलं की ते नुसतं गोल फिरतं आणि सुई जागची हलत नाही. तेही करून निघत नसेल तर टोपण तसंच ठेवून जिथून पेन घेतलं तिथे किंवा दवाखान्यात दाखवा.

सिरिंज, लॅन्सेट आणि बाकीचं

इन्सुलिनच्या सिरिंजला सुई पक्कीच असते, ती निघत नाही, त्यामुळे काढायचा प्रश्नच नाही, टोपण न लावता सिरिंजसकट डब्यात. सुई वेगळी होणाऱ्या सिरिंजचंही तेच, घरी हाताने सुई फिरवून काढू नका, अख्खी टाका. डबा लवकर भरेल, भरू दे. सुई मोडून, वाकवून, कात्रीने कापून टाकायचा विचार डोक्यातून काढूनच टाका, कापलेलं टोक उडतं आणि नेमकं कुठे गेलं ते सापडत नाही, डोळ्यात जाऊ शकतं. त्यासाठी नीडल क्लिपर म्हणून छोटं यंत्र मिळतं, ते सुई कापून आतच साठवतं, प्रवासात सोयीचं आहे. पण ते बारीक सुयांसाठीच असतं, लॅन्सेट (शुगर तपासताना बोटाला टोचायची छोटी सुई) त्यात घालायची नाही, आणि उरलेली सिरिंजसुद्धा रक्त लागलेली असू शकते म्हणून ती पण जपूनच टाकायची.

शुगर तपासायच्या लॅन्सेटकडे लोक सुई म्हणून बघतच नाहीत. ती इतकी बारीक असते, एक थेंब रक्त काढते आणि संपलं. पण तिला रक्त लागलेलं असतं, इन्सुलिनच्या सुईपेक्षा जास्तच. लॅन्सिंग पेनला मागे इजेक्टचं बटण असतं, पेनचं तोंड डब्यावर धरून ते दाबा, हात न लावता लॅन्सेट आत पडते. ते बटण नसेल तर लॅन्सेटचं गोल प्लास्टिकचं झाकण टेबलावर ठेवून त्यात टोक रुतवा आणि मग ओढून काढा. आणि एक गोष्ट जीव तोडून सांगते, लॅन्सिंग पेन कधीही दोघांत मिळून वापरू नका, नवरा-बायकोतसुद्धा नाही, सुई बदलली तरी नाही. वृद्धाश्रमांसारख्या ठिकाणी एकच पेन अनेकांना वापरल्यामुळे हिपॅटायटिस बी पसरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

एनोक्सापॅरिनसारख्या भरलेल्या सिरिंजमध्ये बऱ्याचदा स्प्रिंग असते, सुई त्वचेबाहेर काढल्यावर प्लंजर अजून जोरात दाबला की सुईवर कव्हर सरकतं. ते दाबताना टोक स्वतःपासून आणि दुसऱ्यांपासून लांब धरा. ऑटोइंजेक्टरमध्ये सुई आपोआप झाकली जाते, तरी तो डब्यातच जातो, कव्हर बसलंय असं वाटलं आणि बसलं नाही असंही होतं. सीजीएम, म्हणजे अंगावर लावून सतत शुगर मोजणारा सेन्सर, तो लावायच्या ॲप्लिकेटरमध्ये आत सुई लपलेली असते, इन्सुलिन पंपाच्या सेटमध्ये पण, हे दोन्ही लोक सर्रास साध्या कचऱ्यात टाकतात. ॲप्लिकेटर मोठा असल्यामुळे डब्यात मावत नाही ही खरी अडचण आहे, त्यासाठी रुंद तोंडाचा मोठा डबा वेगळा ठेवा. आणि मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन घेत असाल तर त्याच्या सुया बाकीच्यांत मिसळू नका, ते सायटोटॉक्सिक, म्हणजे पेशींना मारक, औषध आहे, त्याचा डबा आणि विल्हेवाट वेगळी असते, डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

बटरफ्लाय सुई

हिमोफिलियाचं फॅक्टर शिरेतून घेणारे किंवा घरी डायलिसिस करणारे, त्यांच्यासाठी. पंखांची सुई काढताना आधी चिकटपट्ट्या सावकाश सोडवा, सुईच्या जागेवर घडी केलेला गॉज नुसता ठेवा, दाबू नका. सुई ज्या कोनात आत आहे त्याच कोनात सरळ बाहेर ओढा आणि ती पूर्ण बाहेर आल्यावरच गॉज दाबा. आत असताना दाबलं तर सुईचं टोक शिरेच्या भिंतीला कापतं, दुखतं, आणि डायलिसिसच्या फिस्टुलाचं (त्यासाठी ऑपरेशनने जोडलेल्या रक्तवाहिनीचं) नुकसान होतं.

पण खरा धोका त्या नळीचा. सुई लवचिक नळीच्या टोकाला लोंबत असते, आणि सुई डब्यात घालताना नळी हातातून सुटली की ती उसळी मारून उलटी येते, सुई मनगटात नाहीतर मांडीत. त्यामुळे नळी नाही, सुईचे पंख धरायचे. सुईला सेफ्टी कव्हर असेल तर ते सरकवून "टक्" आवाज येईपर्यंत पुढे न्या. मग सुईचं टोक आधी डब्यात, पंख सुटेपर्यंत हात तिथेच, आणि नंतर नळी तिच्या मागे सोडा. नळी बाहेर लोंबकळत ठेवून झाकण लावू नका, कोणीतरी ती ओढतं.

दुसऱ्याला इंजेक्शन देत असाल तर

आईवडिलांना, लहान मुलाला, पाळीव प्राण्याला. इथे नियम जरा बदलतो, कारण सुईला आता दुसऱ्याचं रक्त आहे आणि टोचली तर तुम्हाला टोचणार. वर जी मोठं टोपण लावायची पद्धत सांगितली ती इथे टाळा. सेफ्टी पेन नीडल मिळतात, वापरल्यावर त्यांचं पुढचं टोक (काहींत दोन्ही टोकं) आपोआप झाकलं जातं, त्या थोड्या महाग असतात पण देणारा माणूस वेगळा असेल तर त्याच घ्या असं माझं ठाम मत आहे. त्या मिळत नसतील तर पेनमधली सुई खाचेत धरून काढून आत पाडणारा शार्प्स बॉक्स बघा. ग्लोव्हज घाला, पण ग्लोव्हज सुई थांबवत नाहीत, ते फक्त रक्त हाताला लागू देत नाहीत, हे लक्षात असू द्या. आणि तुम्ही हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर घ्या. कुणाची तरी नियमित इंजेक्शनं देणाऱ्याने ही लस घेतलेली असावी.

मूल किंवा प्राणी हालचाल करत असेल तर घाई नको, दुसऱ्या कोणाला धरायला बोलवा. सुई काढताना अचानक झटका बसला तर सुई सोडून द्या, पडू द्या, पडणारी सुई झेलायला हात पुढे करू नका. मग उजेडात शोधून चिमट्याने उचला.

डबा भरला की

तीन चतुर्थांश भरला की बंद. काठोकाठ भरायचा नाही, वरच्या सुया तोंडातून बाहेर डोकावतात आणि पुढची टाकताना त्याच टोचतात. दाबून जागा करायची नाही, हलवून सपाट करायचा नाही, आत पडलेली अंगठी किंवा टोपण काढायला हात घालायचा नाही, जे गेलं ते गेलं. झाकण घट्ट लावा, त्यावरून जाड चिकटपट्टी दोन-तीन वेढे, आणि डबा उभाच ठेवा. आत ब्लीच किंवा फिनेल ओतायची गरज नाही, सुईच्या बारीक नळीत ते पोचतही नाही आणि डबा सांडला तर वेगळाच ताप.

आता द्यायचा कोणाला. घरी जाळू नका, साध्या आगीत सुई वितळत नाही आणि प्लास्टिकचा विषारी धूर होतो. पुरू नका, पाऊस आणि खोदकाम सगळं वर आणतं. कमोडमध्ये टाकून फ्लश तर अजिबात नको, ती ड्रेनेज साफ करणाऱ्याच्या हातात जाते. रिसायकलच्या कचऱ्यातही नको, तिथे माणसंच हाताने प्लास्टिक निवडतात.

ज्या दवाखान्यात ट्रीटमेंट चालू आहे तिथे आधी विचारा, मग जिथून औषध घेता त्या मेडिकलमध्ये, मग आरोग्य विभागाच्या केंद्रात किंवा कचरा गोळा करणाऱ्या यंत्रणेच्या ऑफिसात. काही ठिकाणी भरलेला डबा परत घेतात आणि नवीन देतात, काही ठिकाणी घरून नेतात, काही ठिकाणी पोस्टाने पाठवायचं खास पाकीट मिळतं. विचारताना "सुया घेता का" एवढंच विचारलं तर काउंटरवरचा माणूस पटकन नाही म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी असं विचारा: "मी घरी इंजेक्शन घेतो, वापरलेल्या सुया बंद डब्यात आहेत, तुमच्या मेडिकल वेस्टमध्ये घेणार का, डबा कुठल्या प्रकारचा लागेल आणि कधी आणायचा?" एका ठिकाणी नाही म्हटलं तर दुसरीकडे विचारा, कंटाळू नका. आणि हे डबा भरायच्या आधी विचारून ठेवा. भरलेला डबा हातात घेऊन फिरायची वेळ आली की माणूस वैतागून तो उकिरड्यावर ठेवून येतो.

तिथून पुढे तो डबा बहुतेक वेळा ऑटोक्लेव्हमध्ये जातो, म्हणजे दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला, मग बारीक केला जातो, नाहीतर मोठ्या भट्टीत जाळला जातो. घरी यातलं काहीच होऊ शकत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

जिथे राहता तिथले नियम सीलबंद डबा घरच्या कचऱ्यात टाकायला परवानगी देत असतील तर वर सांगितल्यासारखा जाड, चिकटपट्टी मारलेला, लेबल लावलेला डबा तसा जाऊ शकतो, पण कचरा उचलणाऱ्याच्या हातात तो देऊन, तोंडी सांगून दिलात तर फार बरं.

प्रवासात छोटा ट्रॅव्हल शार्प्स बॉक्स जवळ ठेवा. हॉटेलच्या खोलीतल्या कचरापेटीत सुई टाकली की ती रूम साफ करणाऱ्याच्या हातात जाते, तो माणूस पेटीतली पिशवी खालून धरून उचलतो. भरलेला बॉक्स परत घरी आणा.

सुई टोचलीच तर

लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, नीट, सावकाश. जखम पिळून रक्त काढायचं नाही, तोंडाने चोखायची नाही, ब्लीच लावायचं नाही. डोळ्यात रक्त उडालं असेल तर स्वच्छ पाण्याने सुमारे १५ मिनिटं धूत राहा. मग त्याच दिवशी, खरं तर त्याच तासात, डॉक्टरकडे जा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं, पीईपी म्हणतात त्याला, ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि जितकी लवकर तितकी चांगली, नंतर २८ दिवस न चुकता. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नसेल तर लस आणि गरज वाटली तर इम्युनोग्लोब्युलिन (व्हायरसशी लढणाऱ्या तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन) देतात, ते शक्यतो २४ तासांत. हिपॅटायटिस सी ला असं आधी द्यायचं औषध नाही, पण लागण झालीच तर ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात, त्यामुळे टेस्ट टाळू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही डॉक्टरांना सांगा.

स्वतःची, स्वतःलाच नुकतीच वापरलेली सुई टोचली असेल तर हा सगळा गोंधळ नाही, धुवा, बँडेज लावा, लाल झालं, सुजलं, पू झाला तर दाखवा.

बाहेर पडलेली सुई दिसली तर

बागेत, जिन्यात, समुद्रकिनाऱ्यावर. मुलांना एकच शिकवा: हात लावायचा नाही, तिथेच थांबून मोठ्या माणसाला हाक मारायची. मुलाने दाखवली तर रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी सांगणार नाही.

उचलणार असाल तर पायात बंद शूज, जाड ग्लोव्हज आणि चिमटा किंवा पक्कड. डबा हातात धरायचा नाही, सुईशेजारी जमिनीवर ठेवायचा, कारण हातातल्या डब्यात सुई टाकताना नेम चुकला की डबा धरलेल्या हातात जाते. सिरिंज मधोमध धरा, टोक तुमच्यापासून लांब, टोक आधी आत. टोपण शोधून लावायला जाऊ नका. एका ठिकाणी एक दिसली तर आजूबाजूचं गवत पण नजरेने तपासा, हाताने चाचपून नाही. खूप असतील तर कोणालातरी तिथे उभं करून साफसफाई विभागाला कळवा.

आणि अशी सुई मुलाला टोचलीच तर तेच, साबण, वाहतं पाणी, डॉक्टर. रस्त्यावरच्या जुन्या सुईतून एचआयव्ही व्हायची शक्यता खूपच कमी असते, हिपॅटायटिस बी कडे जास्त लक्ष द्यावं लागतं, म्हणून मुलाचं लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. सुई सोबत न्यायची गरज नाही, सुईची टेस्ट करत नाहीत, मुलाच्या रक्ताची करतात, आणि ती नंतर काही आठवड्यांनी आणि काही महिन्यांनी परत करायला सांगतात, त्या तारखा लगेच कॅलेंडरवर लिहून ठेवा.